खडीच्या गिलाव्याचे घर : रंगाआधी भिंतीची परीक्षा

'घर पाहावे बांधून' या म्हणीचा अनुभव घेतलेल्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. घर बांधण्यापेक्षा बांधलेले घर राखणे अधिक चिवट काम असते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली अनेक कुटुंबे दिवाळीच्या तोंडावर गावाकडच्या घराची रंगरंगोटी ठरवतात. रंगारी येतो, दोन हात मारतो, घर झळाळून निघते. पुढच्या पावसाळ्यानंतर मात्र त्याच भिंतीवर फुगे येतात, पोपडे सुटतात आणि आतल्या खोलीत ओल उतरते. घराच्या दर्शनी भिंतीवर जुना खडीचा गिलावा असेल आणि त्यावर रंगाचे अनेक थर चढलेले असतील, तर हा अनुभव हमखास येतो. अशा वेळी दोष रंगाला दिला जातो. खरे कारण बहुधा रंगाच्या मागे, भिंतीत दडलेले असते.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी आणि त्याच्या आसपासच्या गावांकडे पाहिले, तर घरांच्या भिंती किती वेगवेगळ्या परिस्थितीला तोंड देतात हे ध्यानात येते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, पण तो मोजक्या दिवसांत आणि जोराने कोसळतो. पायाखाली बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भिंतीचे दुखणे वेगळे आणि मराठवाड्यातील भिंतीचे वेगळे. म्हणूनच शहरातील इमारतीसाठी योग्य ठरलेला उपाय गावच्या घराला जसाच्या तसा लावता येत नाही.

खडीचा गिलावा म्हणजे काय?

भिंतीवर सिमेंट किंवा चुन्याचा ओला थर देऊन त्यावर बारीक खडी अथवा नदीतील गोटे जोराने फेकून बसवले, की जो खरखरीत पृष्ठभाग तयार होतो तो खडीचा गिलावा. बांधकामाच्या व्यवहारात त्याला 'पेबल डॅश' म्हणतात. खडी आधीच मालात कालवून तो माल भिंतीवर फेकला, तर त्याला 'रफ कास्ट' असे नाव आहे. पहिल्या प्रकारात दगड उघडे दिसतात, दुसऱ्यात ते मालाने माखलेले असतात. वर रंग चढला की दोन्हींतला फरक सहज कळत नाही. दुरुस्तीच्या वेळी मात्र तो कळणे आवश्यक असते.

ही पद्धत मूळची थंड आणि पावसाळी प्रदेशातील. स्कॉटलंडमध्ये चुन्यात खडी कालवून भिंतीवर फेकण्याची प्रथा जुनी आहे. पुढे १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले गेले आणि हळूहळू चुन्याची जागा सिमेंटने घेतली. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडच्या उपनगरांत खडीच्या गिलाव्याची घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. भारतातही ही पद्धत इतकी रुळली, की भारतीय मानक संस्थेने १९६३ मध्ये बाह्य गिलाव्यांसाठी आयएस २४०२ ही संहिता प्रसिद्ध केली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही या कामाची स्वतंत्र नोंद आहे. तीत १२ मिलिमीटर जाडीचा पहिला थर, त्यावर १० मिलिमीटरचा दुसरा थर आणि तो ओला असतानाच ६ ते १२.५ मिलिमीटर आकाराची धुतलेली खडी फेकणे, असा तपशील दिलेला आहे.

या गिलाव्याची लोकप्रियता अकारण नव्हती. विटांचे बांधकाम थोडे वाकडेतिकडे असले तरी ते झाकले जाते, केसासारख्या बारीक भेगा नजरेत भरत नाहीत आणि पावसाचे पाणी एका धारेने न वाहता खडीवर विखुरते. दोषही त्याच गुणांत आहेत. जी भेग दिसत नाही, ती वेळेवर बुजवलीही जात नाही.

रंगाने नेमके काय बिघडते?

मूळ खडीचा गिलावा रंगवण्यासाठी नव्हताच. दगडाचा स्वाभाविक रंग हीच त्याची शोभा. कालांतराने भिंत मळते, शेवाळ धरते आणि मालक पहिला हात मारतो. आधी चुना, मग सिमेंटचा रंग, त्यानंतर प्लास्टिक इमल्शन असे थर साचत जातात. एकदा रंगवलेली खडी दर काही वर्षांनी रंगवावीच लागते.

भिंतीत पाणी अनेक वाटांनी शिरते. गच्चीच्या कठड्यावरून, खिडकीच्या छज्जावरून, फुटलेल्या पन्हाळीतून आणि जोत्याखालच्या ओलसर जमिनीतून. चुन्याची किंवा सच्छिद्र रंगाची भिंत हे पाणी उन्हात वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. वर रंगाचा अभेद्य पापुद्रा असेल, तर पाणी भेगेतून आत जाते, पण बाहेर पडू शकत नाही. ते क्षार बरोबर घेऊन रंगाच्या मागे साचते. त्यातून फुगे येतात, पांढरा लोणा फुटतो आणि अखेर गिलावाच भिंतीपासून सुटतो.

या बाबतीत स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग येथील 'हिल हाउस'चे उदाहरण बोलके आहे. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या नामवंत वास्तुविशारदाने १९०२ ते १९०४ या काळात बांधलेल्या या घराला परंपरागत चुन्याऐवजी पोर्टलँड सिमेंटचा खडीदार गिलावा देण्यात आला. सिमेंटला भेगा पडल्या, पाणी आत शिरले आणि भिंती वाळेनात. वर्षानुवर्षे दुरुस्त्या करूनही ओल हटली नाही. अखेर २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने संपूर्ण घरावर छप्पर घालून भोवती धातूच्या कड्यांच्या जाळीची प्रचंड पेटी उभारली, जेणेकरून भिंतींना पावसापासून आडोसा मिळावा आणि वाऱ्याने त्या सावकाश वाळाव्यात. भिंत आधी वाळली पाहिजे, मग तिची दुरुस्ती, हा धडा गावच्या साध्या घरालाही तितकाच लागू आहे.

पांढरी आणि काळी

मराठवाड्यात गावठाणाला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याची रीत आहे. घरदुरुस्तीच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा ठरतो. जुनी माळवदाची आणि धाब्याची घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची असत. गाव वाढले तशी नवी घरे काळ्या मातीवर गेली. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर घरही तिच्याबरोबर हलते आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात.

अशी भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. तिच्यावर कितीही भारी गिलावा केला तरी ती पुन्हा उमटते. म्हणून भेग जिवंत आहे की थांबलेली, हे आधी तपासावे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत काच तडकली, तर भिंत अजून हलत आहे असे समजावे आणि रंगाऱ्याआधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. पन्हाळीचे व न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर नेणे आणि घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार देणे, हे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहेत.

भिंतीची परीक्षा कशी घ्यावी?

कामाचा अंदाज घेण्यासाठी पुढील तपासण्या पुरेशा आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

ठोकून पाहणे : हातोडीच्या दांड्याने किंवा लाकडी ठोकळ्याने भिंतीवर हलके ठोके द्यावेत. घट्ट गिलाव्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. पोकळ भाग खडूने आखून घ्यावेत. सर्व भिंती आखून झाल्यावर कामाचा आवाका डोळ्यांसमोर येतो.

चिकटपट्टी : रंगाच्या थरावर फुलीसारखी चीर देऊन त्यावर रुंद चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंग निघून आला, तर त्यावर दिलेला नवा रंगही टिकणार नाही.

पाण्याचा शिडकावा : कोरड्या भिंतीवर पाणी शिंपडावे. ते शोषले गेले तर पृष्ठभाग सच्छिद्र आहे. थेंब ओघळून गेले, तर भिंतीवर अभेद्य रंग आहे.

हाताची पुसणी : तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर जुना चुना किंवा सिमेंटचा रंग निर्जीव झाला आहे. तो घासून काढल्याखेरीज पुढचे काम करू नये.

पोकळ भागाकडे दुर्लक्ष करण्यात जिवाचा धोका आहे. सुमारे २२ मिलिमीटर जाडीच्या गिलाव्याचा एक चौरस मीटरचा तुकडा ४० किलोंहून अधिक वजनाचा भरतो. पहिल्या मजल्यावरून तो अंगणात किंवा गल्लीत कोसळला, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. सुटलेला भाग रंगवून झाकणे म्हणजे हा धोका केवळ नजरेआड करणे होय.

ठेवावे, खरवडावे की उतरवावे?

तपासणीनंतर तीन पर्याय उरतात. गिलावा घट्ट असून केवळ रंग खराब झाला असेल, तर सैल रंग काढून योग्य रंग द्यावा. मोजक्या जागी पोकळ असेल, तर तेवढेच तुकडे कापून भरावेत. एखाद्या भिंतीचा साधारण एक तृतीयांशाहून अधिक भाग पोकळ असेल, तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा त्या बाजूचा संपूर्ण गिलावा उतरवणे श्रेयस्कर. सर्व भिंतींना एकच न्याय लावण्याचे कारण नाही. पावसाचा मारा झेलणारी बाजू आणि आडोशाची बाजू यांच्या स्थितीत बहुधा मोठा फरक असतो.

रंग पूर्णपणे काढून मूळ खडी उघडी करण्याची इच्छा अनेकांना होते. ती क्वचितच पूर्ण होते. खडीच्या सांदीसांदीत बसलेला रंग काढणे अवघड असते आणि खाली निघणारा गिलावा ठिगळांचा असण्याची शक्यता असते. प्रथम कोपऱ्यातील हातभर जागेवर प्रयोग करून पाहावा. वाळूचा मारा करून रंग उडवण्याची पद्धत टाळावी. तिने खडी सैल होते आणि उडणारी सिलिकायुक्त धूळ कामगारांच्या फुप्फुसांना सिलिकोसिससारखा असाध्य आजार जडवू शकते. तीव्र आम्लाने भिंत धुण्याचा सल्लाही मानू नये. आम्ल रंगाबरोबर चुना आणि सिमेंटही खाते.

सैल रंग काढण्यासाठी ताठ ब्रश, पत्री आणि बेताच्या दाबाचे पाणी वापरावे. शेवाळ असल्यास ब्लिचिंग पावडरचे पाणी लावून काही तास ठेवावे, मग घासून स्वच्छ धुवावे. हे पाणी आम्लात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. खिडक्या-दारांचा जुना तैलरंग खरवडताना अधिक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम देशात २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि २०१७ मध्ये लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये, ओला करून काढावा, पोपडे गोळा करावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

तुकडा भरण्याची रीत

सुटलेला भाग छिन्नी-हातोड्याने घट्ट गिलावा लागेपर्यंत काढावा. कडा वेड्यावाकड्या न ठेवता सरळ रेषेत कापाव्यात. विटांच्या दरजा थोड्या खोल कोरून, धूळ झाडून भिंत पाण्याने भिजवावी. कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते आणि नवा थर भुसभुशीत होतो. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात, तिथे कोंबडी जाळी ठोकल्यास सांध्यावरची भेग टळते.

मालाचे प्रमाण हा कळीचा मुद्दा. सरकारी दरसूचीतील पहिला थर १:४ आणि वरचा थर १:३ हे प्रमाण कणखर बांधकाम गृहीत धरते. जुन्या, मऊ विटांच्या भिंतीवर इतका कडक थर दिल्यास तो भिंतीबरोबर हलत नाही, फुटतो किंवा विटेचा पापुद्रा घेऊन सुटतो. अशा भिंतीसाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे मिश्रण अधिक मानवते. दगड-मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीवर तर सिमेंट टाळून विझवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग असाच गिलावा करावा. बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा कडक नसावा, हे सूत्र जुन्या घराच्या बाबतीत विसरू नये. पूर्वी चुन्याच्या घाणीत बैलाच्या साहाय्याने दळलेला चुना दिवसेंदिवस मुरवत ठेवत. आज घाणी दिसत नाहीत, पण विझवलेला चुना पाण्याखाली मुरवून वापरण्याचे तत्त्व तेच आहे.

पहिला थर दिल्यावर तो आवळण्याआधी त्यावर आडव्या नागमोडी रेघा ओढाव्यात. सिमेंटयुक्त थर किमान सात दिवस पाणी मारून पक्का होऊ द्यावा. दुसरा थर एका वेळी तेवढाच द्यावा, जेवढ्यावर तो ओला असताना खडी फेकून होईल. धुतलेली, ओलसर खडी छोट्या थापीने किंवा पळीने जोराने फेकावी आणि लाकडी रंध्याने हलके दाबावी. फार दाबल्यास माल वर येतो आणि खडी बुडते.

नवा तुकडा जुन्याशी जुळावा यासाठी काढलेल्या गिलाव्याचे ढेकूळ फोडून त्यातील खडी धुवावी व चाळून पाहावी. नदीतील गोल गोटे असतील, तर क्रशरची टोकदार काळी खडी तिथे उठून दिसेल. वाळू माती आणि क्षार यांपासून मुक्त असावी. मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत हलवून स्थिर ठेवावी. वर गाळाचा जाड थर बसला, तर ती धुवून घेतल्याशिवाय वापरू नये.

रंग कोणता?

सर्व भिंती कोरड्या झाल्याची खात्री पटल्यावरच रंगाचा विचार करावा. चुन्याचा हात सर्वांत स्वस्त आणि भिंतीला श्वास घेऊ देणारा. तो पातळ करून किमान तीन वेळा द्यावा लागतो आणि वारंवार नवा करावा लागतो. सिमेंटचा रंग खडबडीत भिंतीवर चांगला बसतो, परंतु तो उघड्या गिलाव्यावर किंवा पूर्वीच्या घट्ट सिमेंट रंगावरच टिकतो. इमल्शनवर किंवा तैलरंगावर तो धरत नाही. हा रंग देण्याआधी भिंत ओलसर करावी लागते आणि प्रत्येक हातानंतर तिच्यावर पाणी शिंपडावे लागते. अनेक ठिकाणी हे पाणी मारण्याचा कंटाळा केला जातो आणि वर्षभरात रंग हाताला लागू लागतो.

अॅक्रिलिक इमल्शन दिसायला उजवे आणि टिकाऊ असते. भिंत काँक्रीट-विटांची, कोरडी आणि सुस्थितीतील असेल तर ते चालते. नव्या सिमेंट गिलाव्यावर मात्र सुमारे २८ दिवस थांबून मगच ते द्यावे. 'पाणी आत येऊच देणार नाही' अशी ख्याती असलेले जाड, रबरासारखे लेप ओलसर भिंतीवर देऊ नयेत, कारण ते आतले पाणीही बाहेर जाऊ देत नाहीत. कोणताही रंग निवडला तरी खडीच्या भिंतीला सपाट भिंतीपेक्षा बराच अधिक रंग लागतो. सपाट भिंतीच्या हिशेबाने काढलेला अंदाज निम्म्यातच कोलमडतो. रोलरपेक्षा जाड ब्रश सांदीत अधिक चांगला पोहोचतो.

कधी करावे, कोणाकडून करावे?

मराठवाड्यात या कामासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात गिलाव्यातील पाणी झपाट्याने उडते आणि थर तडकतो. शिवाय पाणी मारण्यासाठी पाणीही हवे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर अवलंबून राहिलेल्या जालना जिल्ह्याला ही बाब समजावून सांगावी लागत नाही. गिलाव्यावर ओले गोणपाट टांगून ठेवल्यास ऊनही अडते आणि थोड्या पाण्यात काम भागते. दिवाळीपूर्वी काम उरकण्याच्या घाईत ओल्या भिंतींवर रंग चढवण्यापेक्षा, दिवाळीनंतर सुरुवात करणे हिताचे.

कंत्राट देताना केवळ चौरस फुटाचा दर विचारू नये. किती भाग पोकळ निघाला, मालाचे प्रमाण काय, चुना कोणता, किती दिवस पाणी मारणार आणि परांचीचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे. मीटरभर जागेचा नमुना आधी करून, तो वाळल्यावर पसंत करावा. बांबूची परांची पक्की असावी, उंचीवरील कामगारांना सुरक्षा पट्टे आणि धुळीपासून बचावाचे मुखवटे द्यावेत. घरमालक गावात राहत नसेल, तर ही जबाबदारी कोणावर, हेही ठरलेले असावे. इमारत वारसा यादीत असल्यास संबंधित समितीची परवानगी घेतल्याखेरीज गिलाव्याला हात लावू नये.

काम पूर्ण झाले म्हणजे लक्ष संपले असे नाही. दर वर्षी मृगाच्या आधी पन्हाळी साफ करणे, कठड्यावरील भेगा बुजवणे, छज्जाखालची पाणी तोडणारी खाच मोकळी ठेवणे आणि भिंतीवर एकदा ठोकून पाहणे, एवढी चार कामे केली तरी गिलाव्याचे आयुष्य कितीतरी वाढते. त्यांना अर्धा दिवस पुरतो. गावच्या घरात म्हातारे आई-वडील राहत असतील, तर भिंतीवरचा नवा रंग त्यांना सणापुरता आनंद देईल. कोरडी खोली आणि डोक्यावर न कोसळणारी भिंत मात्र त्यांना वर्षभर लागते. खर्चाचा क्रम ठरवताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.